ताईबाईच्या हातावरचे ढग

जळगावजवळच्या असोद्यात लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी ताईबाईला सांगावा जायचा. कापसाच्या वाळल्या काड्यांवर भाजलेलं भरताचं वांगं सोलावं तर तिनंच. वांगं गरम, तिची जीभ त्याहून गरम! भले भले आचारी गप्प बसायचे.

यंदा त्याच बोटांवर पांढरे डाग उठले. आधी तांदळाएवढे, मग आभाळात ढग सरकावेत तसे हळूहळू पसरले. दुपारी ओट्यावर बसून ती त्यांच्याकडे बघत राहायची. एकात ससा दिसे, एकात होडी. मग एकदम दचकायची. महिन्यावर शेजारच्या सुलक्षणाच्या मुलीचं लग्न, आणि या हातचं भरीत खाणार कोण?

आता बाई शहाणी, पण डोकं कुठं चालवलं बघा! केळीच्या चिकाचा डाग लुगड्यावरून जन्मात जात नाही, मग कातडीवर का टिकणार नाही? मळ्यात जाऊन चोपडला की चीक! बोटं काळी झाली खरी, पण खाजून खाजून लालही झाली.

भाची रूपानं धरून जळगावला नेलं. डॉक्टरीणबाईंनी खोलीत अंधार करून जांभळा दिवा लावला. डाग निळसर पांढरे चमकले. जणू चांदणंच सांडलं! ताईबाईनं नकळत ओंजळ धरली.

"हे कोड. महारोग नाही. शिवून किंवा हातचं खाऊन कोणाला होत नाही," बाई म्हणाल्या. "कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर आपलंच शरीर चुकून उलटतं. मलम लावू, प्रकाशाचे उपचार करू. रंग येईलही, पण महिने लागतील. आणि चीक बंद! कातडी दुखावली की तिथं नवा डाग उठू शकतो."

"मंग दुधावर मासे खाल्ल्यानं नाई होत?"

"नाही हो."

"मावशी, तू मासे खाल्ले कधी?" रूपा खुसखुसली.

लग्नाच्या दिवशी सुलक्षणा हातमोजे घेऊन आली. "घाल व माय. लोकं काय म्हणतीन?"

"मोजे घालून वांगं शिजलं का नाई, कसं समजीन मले?"

ताईबाईनं वांगी निवू दिली आणि उघड्या हातांनी सोलून भरीत कालवायला घेतलं. जवळ बसलेल्या दोघी बायका पदर सावरून उठून गेल्या. धुरात ताईबाईला सगळा मांडव ढगासारखा तरंगताना दिसला. हात थांबले.

तेवढ्यात सुलक्षणाच्या सासूनं, मंजुळाबाईनं, तळहात पुढं केला. "आण व इकडे."

ताईबाईनं बोटांनीच चिमूटभर भरीत ठेवलं. म्हातारीनं डोळे मिटून चाखलं.

"मीठ कमी पडलं. ते काय तुही सासू येऊन टाकीन?"

मोजे तसेच राहिले. ताईबाईनं मिठात हात घातला.