तीन मिनिटांची करवंटी

विलायतेला फोन करायला आम्ही रत्नागिरीहून निघालो, तेव्हा आमच्या सामानात एक भोक पाडलेली करवंटी होती.

ती का होती, हे सांगायचं तर खोकल्यापासून सुरुवात करायला हवी. माझा धाकटा भाऊ वासू आगबोटींच्या इंजिनांचं शिक्षण घ्यायला विलायतेत गेला होता. तिथल्या शेवटच्या थंडीत त्याने अंथरूण धरलं. पुढे पत्र आलं : 'आता ठणठणीत आहे. खोकला पार गेला. काळजी नसावी.' मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आई तांदूळ निवडत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

"भाऊ, पत्र लिहिताना कोण खोकतो रे?"

(मी कोर्टात कारकून. आयुष्यभर उलटतपास ऐकले, पण असा प्रश्न एकाही वकिलाला सुचलेला नाही.)

खोकल्याच्या बाबतीत आईचा कान म्हणजे आळीला धाक होता. रस्त्याने कोणी खोकत गेलं की ती माजघरातून सांगायची, "दामूमास्तर चाललेत. अजून ओला आहे. अडुळसा टाळतायत मेले!" शेवटी दामूमास्तर आमच्या घरावरून जाताना तोंडावर उपरणं दाबून, श्वास रोखून, जवळजवळ धावत जायला लागले.

"मला त्याचा खोकला ऐकव," आई म्हणाली. "नाहीतर पुढच्या टपालाने त्याला परत ये म्हणून लिही. इंजिनं कुठे पळून जात नाहीत."

"पण आई, खोकला गेलाच असेल तर ऐकू काय येणार?" माझ्या बायकोने विचारलं.

"मुद्दाम खोकला तरी छाती खरं काय ते सांगते गो!"

वासूची शेवटची परीक्षा तोंडावर आलेली. आईने ये म्हटल्यावर तो एक दिवस तिकडे थांबला नसता आणि सगळ्या शिक्षणावर पाणी पडलं असतं. मी छत्री उचलली आणि तारऑफिस गाठलं.

"विलायतेला तार करायची. शब्दाला किती?" तारमास्तरांनी सांगितलं. मी ते पचवलं. "आणि पत्त्याचे?"

"पत्त्याच्या शब्दांचेही तेवढेच."

"पत्त्याचे? अहो, पत्ता काय वासूला वाचायचाय? तो तर तुमच्या माणसासाठी!"

तारमास्तरांनी चष्मा काढून पुसला. गिऱ्हाईक कसं आहे हे ओळखण्याची त्यांची ती पद्धत असावी. घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं, "तारेत खोकला येतो का?" झालं! पुन्हा तारऑफिस. या खेपेला मास्तर म्हणाले, "मग मुंबईला जा. तिथून आता विलायतेशी बोलता येतं, बिनतारी. कमीत कमी तीन मिनिटांचे पैसे." आकडा ऐकून मी बाकावर बसलो. आमच्या कलमांचा त्या सालचा आंबा जवळपास तेवढ्यालाच गेला होता.

"आणि दीड मिनिटच बोललो तर?"

"तरी तीनचेच."

म्हणजे तीन मिनिटांतला एक क्षणही वाया घालवायचा नाही! घरात घड्याळ नव्हतं. पण लग्नात मुहूर्त साधायला भटजी पाण्यात भोकाची वाटी सोडतात, ती बुडाली की घटका भरली. मी करवंटी घेतली, शेजारच्या वकिलांकडून अर्ध्या दिवसापुरतं घड्याळ मागून आणलं आणि बरोबर तीन मिनिटांत बुडेल असं भोक पाडलं. (चार करवंट्या वाया गेल्या. बायकोने त्या चुलीत घातल्या आणि त्यांच्यावर मलाच चहा करून दिला. ते जास्त लागलं.)

मग पडवीत तालमी सुरू झाल्या. तपेल्यात करवंटी सोडायची आणि मी पाटावर बसून वासू व्हायचं. पहिलं मिनिट माझं, मोठा म्हणून. दुसरं बायकोचं. तिसरं आईचं.

"आई, तू काय बोलणार ते म्हणून दाखव."

"मला बोलायचं नाहीये. ऐकायचंय."

"अगं, पण मिनिट फुकट जाईल!"

"मग ते तूच घे. तुझी तोंडाची हौस कधी फिटायची!"

फोन कधी येणार, हे वासूला पत्राने कळवलं, त्याच्या घरमालकिणीच्या फोनचा नंबर पत्रानेच मागवला, आणि एके दिवशी आम्ही तिघं आगबोटीने मुंबईला निघालो. जयगड यायच्या आत मी दोनदा कठड्याशी जाऊन आलो. आई डेकवर मजेत गप्पा मारत होती. तिला तिथे तीन खोकले सापडले होते.

मुंबईच्या फोनच्या ऑफिसातला कारकून सज्जन होता. मी घामाने भिजलेला कोट भिंतीवरच्या एका सोयीस्कर खिळ्याला अडकवला आणि चौकशी सुरू केली.

"तीन मिनिटं कुठपासून धरता? घंटीपासून की बोलण्यापासून?"

"बोलण्यापासून. शिवाय लाइनीत खरखर असली तर तेवढा वेळ धरत नाही. तिकडे एक्स्चेंजमधली बाई ऐकत बसलेली असते."

"हे लिहून द्याल?"

"अहो, सगळं तिथे—" तो माझ्या मागे बोट दाखवत म्हणाला.

"ते राहू द्या. तिकडून इकडे फोन केला तर स्वस्त पडतो का?"

"तेही तिथेच—"

एवढ्यात बायकोने तपेलं त्याच्या टेबलावर ठेवून त्यात तांब्याने पाणी ओतलं. तो उभाच राहिला. "हे काय?"

"आमचं घड्याळ," मी म्हणालो. "तुमच्यावर अविश्वास नाही. पण दोन घड्याळं बरी."

घंटी वाजली. मी फोन कानाला लावला. करवंटी पाण्यात पडली. आणि साता समुद्रांपलीकडून, इतकी वर्षं न ऐकलेला तो आवाज आला : "भाऊ?"

तालमीतलं सगळं भाषण मी विसरलो! डोक्यात एकच प्रश्न शिल्लक होता.

"वासू! आधी हे सांग, तिकडून फोन केला तर तीन मिनिटांना किती पडतात?"

"काय? भाऊ, आई कशी आहे?"

"आई बरी आहे! रुपयांत सांग, पौंडांत नको!"

"मला नाही माहीत! थांब, घरमालकिणीला विचारतो!" आणि तो गेला! मी ओरडलो, "अरे, जाऊ नकोस!" पण पलीकडे फक्त एक कुत्रं भुंकत होतं. विलायती कुत्र्याचं भुंकणं मी दोन मिनिटं रोख पैसे मोजून ऐकलं. वासू परत आला, म्हणाला, "तिला पण माहीत नाही. एक्स्चेंजला विचारू का?" आणि—

बुडुक!

"अहो, बुडाली!" बायको किंचाळली.

आईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "वासू, खोक."

"आई! आई, तू—"

"खोक म्हणत्ये ना, मेल्या!"

तो खोकला. "हा गळ्यातला झाला. छातीतून काढ. असा नव्हे, असा!" आणि आईने स्वतः खोकून दाखवलं. तिकडून वासू, इकडून आई. बोटीवरचा वारा बाधल्यामुळे मलाही ढास लागली. कारकुनाच्या कानाला दुसरं यंत्र होतं. तो घाईघाईने म्हणाला, "तिकडची बाई म्हणते, लाइनीत भयंकर खरखर आहे. वेळ मोजणं थांबवलंय तिने."

मी कोर्टाचा माणूस. खरं सांगायला तोंड उघडलं, "अहो, ती खरखर नाही, तो खो—" आणि बायकोने माझ्या पायावर पाय दिला.

"मागे कोण खोकतंय रे?" आई विचारत होती.

"घरमालकीण."

"तिचा ओला आहे. आल्याचा रस मधातून दे म्हणावं. तुझी छाती मोकळी आहे, बाबा. परीक्षा दे आणि ये." एवढं म्हणून तिने पदराने डोळे पुसले आणि मागे घरमालकिणीचा खोकला चालू होता तोवर ती आणखी कितीतरी वेळ बोलली. जिला बोलायचंच नव्हतं, तिने आळीतल्या झाडून सगळ्यांच्या तब्येती सांगितल्या. बायकोचंही मिनिट झालं.

वासू परीक्षा पास झाला आणि खोकल्याशिवाय घरी आला. घरमालकिणीने आईसाठी लोकरीची शाल पाठवली. तिचाही खोकला गेला होता.

त्या दिवशी मात्र मी पैसे तीन-तीनदा मोजत होतो. कारकून म्हणाला, "तीन मिनिटंच धरलीत. पुढची सगळी खरखर माफ. तुमचं बोलणं तेवढं अगदी स्वच्छ ऐकू आलं."

मी मान खाली घालून पैसे दिले आणि खिळ्यावरचा कोट काढला. कोटामागे हातभर लांबीची पाटी टांगलेली होती. तीवर ठळक अक्षरांत, मराठीतसुद्धा, लिहिलं होतं : 'इकडून तिकडे व तिकडून इकडे, दर एकच.'