यादी मी लिहितो म्हणालो

माझ्या भाचीचं जमलेलं लग्न मी मोडलं, तेव्हा माझ्या हातात निळ्या शाईचं पेन होतं आणि मनात कोणाविषयीही वाईट विचार नव्हता. हे मी बचावासाठी सांगत नाही. बचाव असा नाहीच.

मी वाळूजच्या एका कारखान्यात बावीस वर्षं खरेदी विभागात आहे. त्या वर्षी कंपनीने आम्हाला दोन दिवस करार कायद्याच्या प्रशिक्षणाला बसवलं. शिकवायला एक वकीलबाई होत्या. त्यांनी सांगितलं, एकाने प्रस्ताव ठेवायचा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारायचा, दोघांनी एकमेकांसाठी काहीतरी करायचं किंवा द्यायचं आणि दोघांची संमती मोकळी हवी, दबावाखाली नको. बाकीचे लोक जेवणाच्या सुट्टीची वाट बघत होते. मी वहीत ओळींखाली रेघा मारत होतो. पन्नाशीतल्या माणसाला एखादी गोष्ट पूर्णपणे समजली, की तो घरच्यांसाठी धोकादायक होतो.

पहिले चार दिवस ते एकट्या रेखाने, म्हणजे माझ्या बायकोने, सोसलं. "येताना कोथिंबीर आणा," ती फोनवर म्हणाली. मी विचारलं, "हा पक्का प्रस्ताव समजू, की नुसती चौकशी?" त्या रात्री कोथिंबीर नव्हती. (भाजीही नव्हती.)

पाचव्या दिवशी गंगापूरहून धाकट्या बहिणीचा, शोभाचा फोन आला.

"दादा, प्रतीक्षाचं जमलंय. रविवारी याद्या करायच्यात. वहिनीला घेऊन ये. मामा लागतो."

आमच्याकडे लग्न ठरलं की याद्या होतात. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी सतरंजीवर बसतात आणि कागदावर लिहितात. मंडप कोणाचा, वाजंत्री कोणाची, जेवणात काय, टोपी-टॉवेलचा मान कोणाकोणाला. वर 'श्री', बाजूला कुंकवाची बोटं, खाली सह्या. अशा कागदांवर आमच्या घराण्यातली सगळी लग्नं लागली आणि टिकलीसुद्धा. पण त्या वेळी मला त्यात करार दिसला, तोही सदोष.

रविवारी शोभाच्या ओसरीवर सगळे जमले. शोभाचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, भिंतीला टेकून बसले होते. दाजी बोलत नाहीत. उसात एकट्याने काम करून त्यांची बोलायची सवयच गेली आहे. समोर मुलाचे चुलते तात्या. मुलाला वडील नाहीत, त्यामुळे त्या घरात शब्द तात्यांचा. मुलगा अमोल वाळूजलाच कामाला. तो कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून बसला होता.

"यादी लिवायला चांगल्या अक्षराचा पाव्हणा बघा," तात्या म्हणाले.

"मी लिहितो."

रेखाने दारातून माझ्याकडे पाहिलं. लग्नाला चोवीस वर्षं झालेल्या माणसाला ती नजर वाचता यायला हवी होती.

मी सुरुवात केली, "मुलीकडची मंडळी, ज्यांना यापुढे पहिला पक्ष म्हटलं जाईल..."

"पहिला पक्ष आम्ही," तात्या म्हणाले. "पोराकडचे हावोत आम्ही."

यात अर्धा तास गेला. शेवटी दोघांनाही 'पहिला' लिहून पुढे सरकलो. मग बुंदी आली.

"बुंदी म्हणजे कोणती? मोकळी, की लाडू?" मी विचारलं.

"बुंदी म्हंजी बुंदी."

"तसं चालत नाही तात्या. ज्याचा अर्थ निश्चित नाही तो करार व्यर्थ ठरतो."

"मग लाडू लिवा की. बुंदीपायी लग्न व्यर्थ करता का काय?"

सगळे हसले. मलाही वाटलं, माणसं आपल्या बाजूने आहेत. तेरा कलमं झाली. सह्यांआधी मी दाजींकडे वळलो.

"दाजी, तुम्हाला सगळं मान्य?"

दाजींनी पत्र्याकडे पाहिलं.

"त्यांना मान्य हाय," तात्या म्हणाले.

"तोंडाने सांगावं लागेल. मौन म्हणजे होकार नसतो. कायद्यात नाही."

दाजींनी घसा साफ केला. "हां. मग?" ते म्हणाले. इतक्या वर्षांत मी ऐकलेलं त्यांचं हे सर्वांत मोठं भाषण.

इथे थांबलो असतो, तर आज हे लिहायला बसलो नसतो. पण तेवढ्यात प्रतीक्षा चहाचा ट्रे घेऊन आली, आणि माझ्या लक्षात आलं की जिचं लग्न, तिला कोणी विचारलंच नाही. प्रतीक्षा वाळूजच्या एका कारखान्यात तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. रोज पहाटे कंपनीची बस धरते.

"पोरीला काय इचारायचं?" तात्या म्हणाले. "गप हाय म्हंजी व्हय हाय."

"आत्ताच काय सांगितलं मी?" हे मी मास्तरासारखं म्हणालो. आठवलं की अजून कान गरम होतात. "प्रतीक्षा, तुझी संमती मोकळी आहे ना? कुणाचा दबाव नाही ना?"

तिने ट्रे खाली ठेवला.

"मामा, मुलगा मला पसंत आहे. पण लग्नानंतर माझ्या नोकरीचं काय, असं आईनं विचारलं होतं. तात्या म्हणाले, 'बघू पुढं.' ते यादीत लिहिलंय का?"

"नाही."

"मग लिहा."

मी लिहिलं. कलम चौदा, नोकरी: बघू पुढं.

"आता सांगा, याचा अर्थ निश्चित आहे का?"

मला गप्प बसता आलं असतं. चहा सांडता आला असता. मी म्हणालो, "नाही."

"मग असा करार?"

"व्यर्थ," मी म्हणालो, पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या पोरासारखा.

तात्या उठले. टोपी नीट केली. "आम्ही सोयरीक जोडायला आलो होतो, कोर्टात नाय." जीप सुरू झाली. अमोल सर्वांत शेवटी निघाला. जाताना त्याने सतरंजीवरचा कागद उचलून घडी घातली, हे तेवढं मी पाहिलं. आत बुंदीच्या नव्हे, पोह्यांच्या अकरा बशा तशाच राहिल्या होत्या.

शोभा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दादा, तुला मामा म्हणून बोलावलं होतं," ती म्हणाली. "आता पोरीला मांडवात आणायला तू येऊ नको. मी दुसरा मामा बघते."

दुसरा मामा नाही. मी एकटाच भाऊ आहे. प्रतीक्षा पाच वर्षांची असताना मला म्हणाली होती, "मामा, मांडवात मला कडेवर आणायचं." मी हो म्हटलं होतं. तोंडी, पण हो.

एसटीने परतलो. क्रांती चौक येईपर्यंत रेखा एक अक्षर बोलली नाही. "रागावलीस?" मी विचारलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मौनाचा अर्थ मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळला.

तीन आठवडे शोभाने फोन उचलला नाही. एका संध्याकाळी मी प्रतीक्षाच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहिलो आणि माफी मागितली.

"माफी कशाची मामा?" ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत म्हणून बोलले. नाहीतर बोलले नसते. फक्त आई रोज रडते, ते बघवत नाही."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना आमच्या गेटवर अमोल उभा होता. त्याने खिशातून तीच यादी काढली. कलम चौदा खोडलं होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'नोकरी चालू राहील. राहणं वाळूजला, सुट्टीला गावी.'

"मामा, याला काय म्हणतात?"

"प्रतिप्रस्ताव," मी म्हणालो.

"तिनं मान्य केलंय. तोंडानं."

"मग माझं काय काम?"

"तात्याला कोण सांगणार? मोडलं तुम्ही. आम्ही दोघं तुमच्याकडंच बघतोय."

रविवारी मी तात्यांच्या शेतावर गेलो. ते विहिरीवर मोटारीच्या खोलीपाशी पाइप जोडत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"पेन आणलंय का?"

"नाही."

"खिसा दावा."

मी खिसा उलटा करून दाखवला. मग माफी मागितली. तिला ना व्याख्या होती, ना कलमं. चुकलो, माझ्या शहाणपणापायी पोरांना शिक्षा नको, एवढंच म्हणालो आणि अमोलची ओळ सांगितली.

तात्यांनी पाइप खाली ठेवला. "पाव्हणं, मी साठ वर्षं लोकांना 'बघू' म्हणत आलो. कुणी अर्थ इचारला नाय. पोरीनं इचारला." बराच वेळ ते पाण्याकडे बघत बसले. त्यांना मान्य आहे की नाही, हे विचारायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी जीभ दातांखाली धरली. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत अवघड काम.

"नोकरी करू द्या तिला," शेवटी ते म्हणाले. "पण यादी मी लिवणार."

नवी यादी अर्ध्या पानात झाली. बुंदी नुसती बुंदी होती. नोकरीची ओळ होती, तात्यांच्या वळणदार अक्षरात. आणि सर्वांत खाली एक अट, 'मुलीच्या मामांनी लग्नात पेन आणू नये.' मी सही केली. तात्यांच्या पेनाने.

लग्नाच्या सकाळी शोभाने स्वतः माझा हात धरून मला प्रतीक्षापाशी नेलं. कडेवर घेणं शक्य नव्हतं, हात धरून तिला मांडवात आणलं. (माझ्या नव्या सदऱ्याचा खिसा रेखाने आदल्या दिवशी शिवून टाकला होता.)

आठ दिवसांनी लग्नाची नोंदणी करायची होती. साक्षीदार हवा होता. शोभाचा फोन आला, "दादा, ये. मामा लागतो."

कचेरीत कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. माझे डोळे भरून आले होते. वाचल्याशिवाय सही करू नका, असं बावीस वर्षं सगळ्या खात्याला बजावणाऱ्या माणसाने दिसेल त्या रेघेवर सही ठोकली.

कारकुनाने कागद उचलला. "काका, ही वराची जागा आहे."

नवा फॉर्म, नवी रांग. अमोल खाली बघून हसत होता. तात्यांनी चष्मा लावून माझी सही नीट पाहिली.

"पाव्हणं, संमती मोकळी होती ना? दबाव नव्हता ना कुणाचा?"

मी गप्प.

"गप हायत म्हंजी व्हय हाय," तात्या म्हणाले.

मागून रेखा म्हणाली, "तात्या, मौन म्हणजे होकार नसतो. घरी चार दिवस शिकवलंय यांनी."