घरातलं कोणीतरी बरोबर हवं

“त्याचं वखारीत कमिशन बांधलेलं असणार,” मामा आईला म्हणाले. “नाहीतर दुसऱ्याच्या मयताला माणूस इतका कशाला पळेल?”

माझ्या वडिलांचं तेरावं होतं. मामा आतल्या खोलीत जेवत होते. ज्यांच्याबद्दल ते बोलत होते ते आमच्याच जिन्यातले नाना बाहेरच्या खोलीत दाराशी स्टुलावर बसून चहा पीत होते. जेवायला त्यांनी नको म्हटलं होतं. आमच्या कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांच्या मधे दार नव्हतं, आईच्या जुन्या साडीचा पडदा होता. मी ताकाचं भांडं घेऊन पडद्यापाशी उभी होते, त्यामुळे मला दोघेही दिसत होते. नानांनी कप बशीत ठेवला. अर्धा चहा तसाच होता. ते उठले, चपला घातल्या आणि काही न बोलता गेले.

काही न बोलता जाणं यात नवीन काही नव्हतं. नाना कुणाच्याही घरून निघताना ‘येतो’ म्हणत नसत. मयताच्या घरी तसं म्हणायचं नसतं हे सगळ्यांनाच माहीत असतं; पण नानांचं अर्धं आयुष्य अशाच घरांतून गेलं होतं आणि ती सवय त्यांना बारशाच्या घरीही सुटत नसे. अर्थात बारशाला त्यांना फारसं कुणी बोलावत नसे. पहिल्या पाळीला निघालेल्या माणसाला जिन्यात नाना दिसले, तर तो परत वर जाऊन घोटभर पाणी पिऊन निघे. माझी शाळा कॉन्व्हेंटची. निरोप कसा घ्यायचा हे आम्हाला तिथे घोटून शिकवलेलं. लहानपणी मी नानांना उद्धट समजत असे.

नाना कंपनीत पॅकिंगला होते. बाहेरगावी जाणाऱ्या यंत्रांसाठी लाकडी खोकी ठोकायची, हे त्यांचं काम. त्यामुळे लाकूड त्यांना कळायचं. ओंडक्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि मान कलती करून ऐकायचे. “कोरडं लाकूड जबाब देतं,” म्हणायचे, “ओलं गप्प बसतं.” चिंचवडला तेव्हा वर्षावर्षाला नव्या चाळी उठत होत्या. लातूरकडची, कोकणातली, खानदेशातली माणसं येऊन राहत होती. गावी असली कामं भावकी बघायची. इथे तिरडीचे बांबू कुठे मिळतात हेही त्यांना ठाऊक नसे. मग कुणीतरी नानांचं दार वाजवी. बांबू, कडबा, मडकं, ताथवड्याच्या गोठ्यांतून गोवऱ्या, सगळं ते सायकलवरून फिरून जमवायचे. आणि शेवटी लाकडाची वखार.

वखारीत मात्र ते एकटे कधीही गेले नाहीत. “घरातलं कोणीतरी बरोबर हवं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरातलं माणूस रडत असलं, तापाने फणफणलेलं असलं, तरी ते थांबत. मी एकदा त्यांना कारण विचारलं. म्हणाले, “आज कुणाला सुचत नाही. तेराव्याला सगळ्यांना सुचतं.”

वडील सकाळी गेले. सहा महिने अंथरुणावर होते. शेजारच्या काकांनी एका ठेकेदाराची माहिती काढून आणली. गाडीपासून भटजीपर्यंत सगळं तोच बघतो, म्हणाले. आकडा ऐकून आई स्वतःच्या हातांकडे बघायला लागली. बांगड्या आधीच औषधांत गेल्या होत्या. पुण्याला मामांना निरोप गेला होता, पण ते यायला दुपार होणार होती. मला भाऊ नाही.

नाना रात्रपाळी करून डबा हातात घेऊनच आले. आईने रुमालात बांधून दिलेले पैसे त्यांनी हातात घेतले नाहीत. “बरोबर कोण येतंय?” त्यांनी विचारलं. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

“अहो, पोरीला कुठे नेता?” एक बाई म्हणाली.

“वखारीत नेतोय, वहिनी, स्मशानात नाही.” मग मला म्हणाले, “बोलायचं काम माझं, बाळ. तू नुसतं बघ.”

एवढं मला चांगलं जमत होतं. सतरा वर्षं मी दुसरं काही केलंच नव्हतं.

वखार रेल्वे फाटकाच्या पलीकडे होती. शेठच्या माणसाने पुढच्या ढिगातले ओंडके भराभर काट्यावर चढवले. नानांनी टकटक केली आणि ते सगळे उतरवायला लावले. ओलं लाकूड वजनात भरतं आणि चितेवर नुसतं धुमसतं, मग रॉकेल आणायला पळावं लागतं. ते मागे पत्र्याखाली गेले आणि तिथलं एकेक लाकूड वाजवून काढायला लागले.

“नाना, जाळायला नेताय का पलंग करायला?” शेठ वैतागून म्हणाला.

“पलंगच आहे, शेठ. शेवटचा. करकरायला नको.”

मी त्या दिवशी हसले. वडील घरात जमिनीवर होते आणि मी वखारीत हसले. नानांनी पाहिलं, पण पाहिल्याचं दाखवलं नाही.

लाकूड इतकं कोरडं होतं, की वजन शेठच्या अंदाजाच्या खूप खाली आलं. त्याने पावती केली. मग गादीवरून एक घडी घातलेली नोट नानांकडे सरकवली. “चहापाणी.” नानांनी ती बोटाने परत सरकवली. “पावतीतून कमी कर.” शेठने कपाळाला आठ्या घालून आकडा खोडला, नवा लिहिला. नाना माझ्याकडे वळले. “बघितलंस ना?” मी मान हलवली.

दुपार कलायच्या आत सगळं आटोपलं. धूरसुद्धा झाला नाही, असं पुरुष सांगत आले. रुमालातले पैसे उरले. आणि तेच मामांना खटकलं.

“इतक्या कमीत होतंच कसं?” तेराव्याला ते आईला समजावत होते. “पॅकिंगमधला माणूस. कंपनीची फुटकी खोकी घातली असतील आणि वखारीची पावती दाखवली असेल.” आई म्हणाली, “असेल बाई. आपल्याला काय कळतंय?” मला कळत होतं. माझं वाक्य मनात इंग्रजीत तयार झालं, चांगलं, व्याकरणशुद्ध. त्याचं मराठी करेपर्यंत मामांनी दुसरा लाडू घेतला होता आणि बाहेरचं स्टूल रिकामं झालं होतं.

त्यानंतर नानांनी ते काम सोडलं. खालच्या मजल्यावरच्या फिटरची आई वारली तेव्हा तो त्यांच्याकडे गेला. “वखार फाटकापलीकडे आहे,” नाना दारातूनच म्हणाले, “कुणीही सांगेल.” त्या बाईची चिता संध्याकाळपर्यंत धुमसत होती, रॉकेलला दोनदा माणूस पाठवावा लागला. “नाना फार ताठ झाले हल्ली,” आई म्हणाली. तेव्हाही मी तिथे होते. भाजी निवडत होते.

मला कंपनीत टायपिस्टची नोकरी लागली, इंग्रजी चांगलं म्हणून. नाना कधीतरी गेटवर दिसत. “बरी आहेस?” विचारत. मी हो म्हणे. ते निघून जात, न सांगता. मला प्रत्येक वेळी वाटे, आज सांगावं, की मी बघितलं होतं. पण त्यांना ते सांगण्यात काय अर्थ होता? ज्यांना सांगायचं होतं ते तर लाडू खाऊन पुण्याला गेले होते.

बऱ्याच वर्षांनी नाना गेले, ते रविवारी. जिना माणसांनी भरला आणि सगळे एकमेकांना विचारायला लागले, सामान कुठे मिळतं? सगळ्या कॉलनीची मयतं ज्याने केली, त्याच्या मयताला कुणाला काही माहीत नव्हतं. त्यांचा मुलगा वसंता भिंतीला टेकून उभा होता. वखार मला माहीत आहे, असं मी त्याला हळूच सांगितलं आणि आम्ही निघालो. घरातलं कोणीतरी बरोबर होतं.

शेठ म्हातारा झाला होता. त्याच्या माणसाने पुढच्याच ढिगातलं लाकूड काढलं. मी पेराने वाजवून पाहिलं. मला काही ऐकू आलं नाही. तेवढ्यात वसंता ओशाळं हसत शेठला म्हणाला, “मी नानांचा मुलगा. त्यांचं तुमच्याकडे जे काय कमिशन असायचं, त्या मानाने आमचं थोडं बघा.”

शेठने नाही म्हटलं नाही. नाही म्हणण्यात त्याचा काही फायदा नव्हता. तो पावतीपुस्तक उघडायला लागला, आणि काट्यावरची दोन माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली, इतक्या मोठ्याने मी म्हणाले,

“वसंता, तुझ्या वडिलांनी इथे कधी काही घेतलं नाही. शेठनी देऊ केलं ते त्यांनी आमच्या पावतीतून कमी करायला लावलं. मी इथेच उभी होते. मी बघितलंय.”