सीडीला ओळख

बाबा गेले. त्याच आठवड्यात त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला. त्यांनी गायलेली भजनं त्यातच होती. विंडोजची सीडी घातली, तर ‘हार्ड डिस्क सापडली नाही’ असं स्क्रीनवर येई.

जोगेश्वरीच्या दुकानातला आमचा रिपेअरवाला कॅबिनेट उघडण्याआधी त्यावर टकटक करायचा, कुणाच्या दारावर करावी तशी. म्हणाला, “डिस्क मेली नाही रे. सीडी तिला ओळखत नाही. लग्नात मध्यस्थ लागतो ना? तसा ड्रायव्हर लागतो, ओळख करून देणारा छोटासा प्रोग्राम.” तो ड्रायव्हर आत घालून त्याने नवी सीडी बनवली. डिस्क दिसली. काहीही न पुसता त्याने विंडोज दुरुस्त केलं.

पहिलं भजन सुरू झालं तसा तो उठून बाहेर गेला आणि त्याने शटर अर्धं ओढून घेतलं.

ते दुकान आता नाही. भजनं माझ्याकडे आहेत.