केबिनच्या पत्र्यावर एक ठोका

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. खरं सांगायचं तर वाचताना मी हसायचो. अमक्या वळणावर बाई दिसली, तमक्या पुलावर गाडी आपोआप बंद पडली... मी स्वतः इतकी वर्षं अंधारात गाडी काढतोय. सातपाटी ते बोईसर रस्त्यात मला आजवर अडवलं ते फक्त गुरांनी. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर राग मानणार नाही. पण हे कुठेतरी बोलायलाच हवं. जिला सांगायला हवं, तिच्यासमोर माझं तोंड उघडत नाही.

माझं नाव नंदकुमार. पन्नाशी ओलांडली आहे. माझ्याकडे एक जुनी पिकअप आहे. आमच्या गावच्या मासळी विकणाऱ्या बाया रोज टोपल्या घेऊन तिच्या मागच्या उघड्या हौद्यात बसतात आणि मी त्यांना पालघर, उमरोळी करत बोईसरच्या बाजारात सोडतो. मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत हे मलाही कळतं आणि त्यांनाही. पण टोपली घेऊन एसटीत कुणी चढू देत नाही, रिक्षावाला लांबूनच नाक मुरडतो. मग काय करणार?

हौद्यातून ड्रायव्हरला हाक मारून उपयोग नसतो, वाऱ्यात ऐकूच येत नाही. म्हणून आमच्यात एक रीत आहे. केबिनच्या मागच्या पत्र्यावर एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे चल. हा ठोका मारायचा मान जानकीमावशीचा. बायांमध्ये ती सगळ्यात वडीलधारी, बसायची जागाही ठरलेली – अगदी माझ्या पाठीमागे, पत्र्याला टेकून. तिच्या हातात जाड पाटली होती. त्यामुळे तिचा ठोका दुहेरी वाजायचा. आधी तळव्याचा दबका आवाज आणि त्याच्यावर लगेच पाटलीचा टण्ण. झोपेतही मी तो ओळखला असता. आणि तो वाजला की माझा पाय ब्रेकवर जायचा. विचार करावा लागायचा नाही.

गाडी थकली होती. चढावर धूर ओकायची. त्याच सुमारास त्या पिकअपचं नवीन मॉडेल आलं. तोंडवळा बदललेला, एसी, स्क्रीन, मोटारीसारखं स्टिअरिंग. मी बायांना मोबाईलवर फोटो दाखवले.

‘‘अगो बाय, ही तं नवरीसारखी दिसते,’’ मावशीची सून मंदा म्हणाली. मंदा सगळ्यात तरुण, तोंडाने फटकळ. ‘‘नंदूदादा, आमच्या टोपल्या हिच्यात ठेवू देशील का वर अत्तर मारशील?’’

सगळ्या हसल्या. मावशी हसली नाही. तिने फोटो जवळ धरून बघितला.

‘‘नंद्या, पाठचा पत्रा कसा हाय?’’

‘‘चांगला जाड आहे मावशी.’’

‘‘तेच इचारते. माझा ठोका ऐकू येल का, ते बघ आधी. बाकी तुझी स्क्रीन नि फिरीन मंग बघ.’’

‘‘बघतो, बघतो,’’ मी म्हणालो.

टेस्ट ड्राइव्हसाठी बोईसरच्या एका शोरूमने बोलावलं. जुनी गाडी बदल्यात द्यायची होती, ती तपासायला त्यांना सकाळीच हवी होती. त्या दिवशी नेमकी भरती उशिरा. भरतीचं पाणी आल्याशिवाय होड्या खाडीत शिरत नाहीत, म्हणजे मासळी उशिरा आणि बायाही उशिरा निघणार. म्हणून मी एक बदली टेम्पो ठरवला. ड्रायव्हर सुरेश, यूपीचा, एरवी तारापूरच्या कारखान्यांमध्ये ड्रम पोहोचवणारा. मी त्याला फोनवर सगळं सांगितलं. कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं, टोपल्यांचं पाणी गळतं म्हणून चिडू नकोस. ठोक्यांचं मात्र सांगितलं नाही. मुद्दाम नाही. ती गोष्ट सांगावी लागते, हेच माझ्या डोक्यात आलं नाही. श्वास घ्यायचा असतो हे कुणी कुणाला सांगतं का?

मी इस्त्रीचा शर्ट घालून शोरूमला गेलो. तिथला सेल्समन तुषार, तिशीतला, फार गोड बोलणारा. ‘काका, काका’ करत त्याने मला गाडीभोवती फिरवलं. केबिनच्या मागच्या पत्र्यावर मी हात फिरवला. त्याला म्हणणार होतो, बाबा रे, मी आत बसतो, तू मागून एकदा ठोकून बघ. पण बाजूला सुटाबुटातले दोघे उभे होते. मला लाज वाटली.

तुषार बाजूला बसला, मी गाडी काढली. बोईसरच्या चित्रालय भागातून एमआयडीसीच्या रस्त्याने आम्ही तारापूरच्या दिशेला लागलो. दिवस चांगला वर आला होता, ऊन रणरणत होतं, पण आत एसीचा गारवा. ‘‘बघा काका, बाहेरचं काही ऐकू येतंय? एवढे ट्रक चाललेत!’’ खरंच काही ऐकू येत नव्हतं. नेहमीचा तो केमिकलचा वाससुद्धा आत नव्हता. फक्त नव्या प्लास्टिकचा वास.

कारखाने मागे पडले, रस्ता मोकळा झाला. आणि ठोका पडला.

आधी तळवा. मग टण्ण.

माझा पाय अर्धा उचलला गेला. आरशात बघितलं, मागच्या काचेतून बघितलं. हौदा रिकामा. कोरा करकरीत रंग उन्हात चमकत होता.

‘‘काही ऐकलंस का?’’

‘‘नाही काका. काय?’’

‘‘काही नाही.’’

थोड्या वेळाने तुषारने नाक ओढलं. एकदा माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. ‘‘काका... मासळीचा वास येतोय का? म्हणजे तुमच्या गाडीतून आलात, कपड्यांना लागला असेल...’’

तो अजिबात वाईट अर्थाने बोलला नव्हता. पण माझे कान तापले. शर्ट मी सकाळी पेटीतून काढला होता. वास मलाही येत होता – टोपलीतल्या बर्फाच्या पाण्याचा, ताज्या बोंबलांचा, अगदी पाठीमागून आल्यासारखा.

पुन्हा ठोका. एकच. आधीपेक्षा जोरात.

मावशी थांबायला कधी दुसऱ्यांदा ठोकत नाही, तिला लागतच नाही. मी थांबायला हवं होतं. ऐकताय ना? मला कळत होतं की हा थांबायचा ठोका आहे. भास असो, काही असो, थांबायला माझं काय जात होतं? पण शेजारी हा माणूस. रिकाम्या गाडीत मध्येच ब्रेक मारला तर मनात म्हणेल, मासळीवाल्यांचा ड्रायव्हर, याला काय कळतंय नवीन गाडीतलं.

‘‘काका, पुढे रस्ता मोकळा आहे. दाबा जरा, पिकअप बघा कसा उचलतो!’’

मी दाबला.

त्यानंतर जे सुरू झालं ते मला धड लिहितासुद्धा येत नाही. एक ठोका. एक ठोका. एक ठोका. मध्ये श्वास घेण्याएवढीच जागा. माझ्या बरगड्यांना हादरे बसत होते, सीट थरथरत होती आणि शेजारी तुषार शांतपणे मायलेजबद्दल बोलत होता. मी काचेतून पुन्हा मागे बघायचं धाडस केलं नाही. रिकामा हौदा दिसेल याची भीती नव्हती. तो रिकामा दिसणार नाही, याची होती.

मग पाटलीचा आवाज बदलला. चिरकला. धातू वाकताना येतो तसा.

माझा पाय ब्रेकवर आदळला. गाडी फरफटत जाऊन थांबली. तुषारचं डोकं पुढे आपटता आपटता वाचलं.

आवाज बंद. एकदम बंद.

मी उतरून मागे गेलो. हौदा कोरडा, रिकामा. पत्र्यावर ओरखडासुद्धा नाही. लांबून समुद्राचा वारा येत होता. मासळीचा वास कुठेच नव्हता. तुषार उतरून जवळ आला, त्याचा चेहरा उतरला होता. ‘‘काका, बरं वाटत नाहीये का? पाणी आणू? छातीत वगैरे दुखतंय का?’’

मी काही बोलणार तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायांपैकी कमळचा.

‘‘नंदूदादा, मंदा पडली! उमरोळीच्या पुढं. लवकर ये, दादा... लवकर ये!’’

झालं ते असं. सुरेशच्या टेम्पोच्या मागच्या फाळक्याची कडी सैल होती. मंदा नेहमीसारखी कडेला, फाळक्याला टेकून बसली होती. उमरोळी सोडल्यावर एका खड्ड्यात कडी निसटली, फाळका उघडला आणि मंदा टोपलीसकट बाहेर गेली. मावशीने कुठून एवढी चपळाई आणली कुणास ठाऊक, तिने पुढे झेप घेऊन मंदाचं मनगट पकडलं. बाकीच्या बायांनी मावशीला कमरेला धरून ओढून ओढून केबिनपर्यंत आणलं, पण मंदाचे पाय काठावरून खाली लोंबत, रस्त्यावर घासत होते. मावशी एका हाताने तिला धरून होती आणि दुसऱ्या हाताने पत्र्यावर ठोकत होती.

टेम्पो थांबण्याच्या जरा आधी मंदाचं मनगट सुटलं.

मी बोईसरच्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा मंदाला आत नेलं होतं. सुरेश बाहेर फरशीवर बसून रडत होता. माझे पायच धरायला लागला.

‘‘भाईसाब, मुझे क्या पता! औरतें पीछे पीट रही थीं, मैं समझा हँसी-मज़ाक कर रही हैं, कि जल्दी चलो बोल रही हैं। मैंने और भगा दी। कसम से भाईसाब, रोका भी मैंने नहीं। मेरा पैर ब्रेक पे था ही नहीं। गाड़ी अपने आप रुकी।’’

लोक त्याला शिव्या देत होते – आता वाचायला काहीही सांगतोय म्हणून. मला मात्र ते खोटं वाटलं नाही. मी त्याचे हात सोडवून आत गेलो.

मावशी आतल्या बाकावर बसली होती. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. मनगट इतकं सुजलं होतं की पाटली कापून काढावी लागली. वाकलेले दोन तुकडे तिच्या ओच्यात होते. मी शेजारी बसलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

‘‘त्याला नाय कळणार, मना ठाव व्हतं. तो आपला नाय. मी तुलाच ठोकत व्हते, नंद्या.’’

मी तिच्या ओच्यातल्या तुकड्यांकडे बघत राहिलो.

‘‘ऐकू आला ना तुला?’’

इथे मी खरं बोलायला हवं होतं. या जगात एवढी एकच जागा होती जिथे खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो,

‘‘नाही मावशी. मी तिकडे तारापूरच्या रस्त्याला होतो. आणि नवीन गाडी... बंद केबिन. काहीच ऐकू येत नाही आत.’’

आता तिने मान वळवली. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

‘‘नाय ऐकला?’’ ती म्हणाली. ‘‘मंग शेवटाला थांबलास कशाला?’’

मी गाडी थांबवली हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. कमळला नाही, घरी नाही. तुषारशिवाय ते कुणी बघितलं नव्हतं आणि तुषार मावशीला ओळखत नाही.

या गोष्टीला बरेच महिने झाले. मंदा वाचली. पण एक पाय पूर्वीसारखा राहिला नाही, काठी घेऊन चालते. बाजारात येत नाही, दारातच थोडी मासळी विकते. मला बघून अजूनही टोमणा मारते, ‘‘काय दादा, नवरी पसंत नाय पडली?’’ तिला काही माहीत नाही. ती गाडी मी घेतली नाही. जुनीचंच इंजिन उघडून काम करून घेतलं.

या सगळ्याचा अर्थ काय लावायचा, मला अजून कळलेलं नाही. भास म्हणावं तर सुरेशचा ब्रेक कुणी मारला? आणि भास नसेल... तर दुसऱ्या ठोक्याला मी थांबलो असतो तर? पहिल्याच ठोक्याला थांबलो असतो तर? मंदा काठी टेकत दारात येते तेव्हा मी हा हिशोब करतो आणि तो दरवेळी माझ्यापाशीच येऊन थांबतो. एका अनोळखी माणसाने मला अडाणी समजू नये म्हणून मी गाडी दाबली.

जानकीमावशी पुन्हा यायला लागली आहे. जागा तीच, माझ्या पाठीमागे. पाटली तिने पुन्हा घडवली नाही, नुसत्या तळव्याने ठोकते. ठोका पडला की मी तिथल्या तिथे थांबतो. मागचे हॉर्न वाजवतात, शिव्या देतात. देऊ देत.

वाटेत काही बाया उतरतात, टोपल्या खाली घेतात. त्यानंतर लगेच दोन ठोके यायला हवेत. पूर्वी यायचे. आता मध्ये थोडा वेळ जातो. मी आरशात बघतो तर मागच्या काचेतून मावशी माझ्याकडे बघत असते. हात पत्र्याजवळ उचललेला, पण ठोकत नाही. तिने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. नुसती थांबून राहते... मी नजर खाली घालतो.

मग दोन ठोके पडतात आणि मी गाडी पुढे काढतो.