जोडेमामांची निरगाठ

प्रार्थनाघराच्या दारात बसणारे जोडेमामा गाठीचे पक्के. आलेल्या जोड्याच्या दोन्ही नाड्या एकमेकींना निरगाठीनं आवळायच्या, जोडा खणात ठेवायचा, पितळी बिल्ला हातात द्यायचा. "जोडा कधी एकटा पडू देऊ नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मामी घरी म्हणत, "मग मला का दिवसभर एकटी पाडता?"

खालच्या वस्तीत नदी शिरली, तेव्हा नगरपालिकेच्या अधिकारीबाईंनी धर्मगुरूंना फोन केला. बोलणं झटपट झालं. सभागृह आणि स्वयंपाक प्रार्थनाघराचा. खाटा, औषधं आणि डॉक्टर पालिकेचे. घोडं अडलं उंबरठ्यावर, कारण आत जोडे न्यायची मनाई होती. वस्तीतून आलेल्या पाववाल्या आजी ओल्या पायरीवर खोकत बसल्या, पण बूट काढेनात. त्यांचं बघून बाकीचेही अडून बसले.

"आजी, आत कोरडं आहे. बूट माझ्याकडे द्या, हा बिल्ला घ्या," मामा म्हणाले.

"बिल्ला पायात घालून पळू का? पाणी आलं तेव्हा मी पलंगावर, बूट दाराशी. तिथवर पोचेपर्यंत काचा तुडवल्यात मी. पायातली वहाण पायातच बरी, बाबा!"

डॉक्टरांनी अधिकारीबाईंना बाजूला घेतलं. आजी अशाच ओल्यात राहिल्या, तर छाती भरणार होती.

थोड्या वेळानं आजींचा तिथंच डोळा लागला. मामांना राहवेना. त्यांनी अलगद बूट उतरवले, चिखल पुसला, आणि पुढचं काम हातांनी आपोआप केलं. करकचून निरगाठ! आजी दचकून जाग्या झाल्या, बुटांवर झडप घातली. गाठ सुटेना.

"पाणी आलं! अरे, सोड ना मेल्या!"

सगळी पायरी उठून उभी राहिली. मामांनी नखांनी गाठ ओढून पाहिली. शेवटी त्यांनी ती गाठ दातांनी सोडवली.

"मामा, अक्कल गहाण ठेवलीत का?" अधिकारीबाई कडाडल्या.

"अगदी हेच म्हणणार होतो मी," धर्मगुरू म्हणाले.

मामांना झापून झाल्यावर दोघं कामाला लागले.

"आमच्या गोदामात कोरे कापडी जोडे आहेत," बाई म्हणाल्या. "पण तुमचा नियम..."

"नियम बाहेरच्या धुळीसाठी आहे. जमिनीला न टेकलेला जोडा उशाशी खुशाल राहू दे. कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा."

बाईंनी लगेच गाडी पाठवली. नवे जोडे आजींच्या मांडीवर आले.

"आणि माझे बूट?"

मामा समोर उकिडवे बसले. "माझ्याकडे. हे बघा, आता सुरगाठ मारलीय. हे टोक ओढा."

आजींनी ओढलं. गाठ सुटली.

"परत बांध."

परत ओढलं, परत सुटली. मग त्यांनी बूट स्वतःच मामांच्या हातात दिले, कापडी जोडे छातीशी धरले आणि अनवाणी पायांनी आत गेल्या. मागोमाग पायरी रिकामी झाली. मामांचा जीव भांड्यात पडला.

पाणी ओसरलं. निघताना आजींनी टोक ओढून आपले बूट सोडवले आणि कोऱ्या तळव्यांचे जोडे मामांना परत केले. "पुढच्याला ठेव."

ते जोडे अजून वरच्या खणात आहेत. खालच्या खणांतले मात्र अधूनमधून सुटतात आणि लोक कुरकुरतात, "मामा, गाठ सैल झाली हो तुमची!"

"सैल नाही," मामा म्हणतात. "घाई असते एखाद्याला."