उज्वला थांबली की

किल्लारीच्या भूकंपात आई-बाप गेले तेव्हा शिवकन्या पाळण्यात होती. जळकोटच्या आत्यानं तिला वाढवलं, नांदेडला ठेवून इंजिनिअर केलं. लातूरच्या एका बड्या क्लासमध्ये ऑनलाइन चाचण्यांची लॅब तिच्या हाती आली, तेव्हा आत्यानं गल्लीभर पेढे वाटले.

त्या वर्षी क्लासचे मालक दयानंद सर यांनी स्वस्तातले नवे संगणक आणले आणि ऐन चाचणीत पडदे गोठू लागले. कंधारच्या उज्वलाचा तर दोनदा. गणित सुटेना म्हणून पोरगी मुद्दाम मशीन बिघडवते, असं ठरवून सरांनी तिला वरच्या बॅचमधून खाली टाकलं.

"म्या हातबी लावला न्हाई, मॅडम. निस्ता विचार करून राहिले होते," उज्वला रडत म्हणाली.

शिवकन्या त्या बोलण्यावर अडली. तिनं चाचणी उघडली आणि कशालाही हात न लावता बसून राहिली. थोड्या वेळानं पडद्यावरचं घड्याळ थबकलं.

काम नसलं की कर्नल, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार हाकणारा मूळ प्रोग्राम, वीज वाचवायला प्रोसेसरला झोपवतो. रिकामपण लांबलं की झोप खोल होते. हे प्रोसेसर सगळ्यात खोल झोपेतून उठतच नव्हते. भराभर उत्तरं ठोकणाऱ्यांचं निभत होतं, थांबून विचार करणारं लेकरू बुडत होतं. शिवकन्यानं कर्नलमधली झोपेची ती शेवटची पायरी बंद करून टाकली. मशीनं जरा तापू लागली, पण गोठायची थांबली.

"उज्वलाला वर घ्या, सर. दोष मशीनचा होता."

"हे बाहेर गेलं तर समदे पालक दारात उभे राहतील. लिस्ट बदलणार नाही."

तोवर उज्वला गावी निघून गेली होती. शिवकन्या बसनं कंधारला पोचली. उज्वलाची आई पारूबाई चहा ठेवायला आत गेली.

"मशीन नीट झाली गं. चल."

"थांबलं की छाती धडधडती, मॅडम. वाटतं, आता समदं बंद पडतंय. मग कायबी उत्तर लिहून टाकते. घरी, कागदावरबी."

चहा देता देता पारूबाई म्हणाली, "हितल्याच कॉलेजात आर्टला घातलं तिला. ऱ्हाऊ द्या आता."

पुढच्या पालकसभेत शिवकन्यानं उभं राहून सगळं सांगितलं. मग एका बापानं विचारलं, "म्हंजे आमच्या पोराचे मार्क वाढतेल का?"

त्याच आठवड्यात तिची नोकरी गेली. उज्वला लातूरला परत आली नाही.